लिस्बन स्वतःचं स्वतः फिरणं: कार्ड, ट्रॅम, चढ आणि गाईड न सांगणाऱ्या गोष्टी

लिस्बनला लाँग वीकेंड काढून जाणार असाल तर टूर घेऊ नका, ती लाल-पिवळी हॉप ऑन हॉप ऑफ बस पण नको, असं माझं स्पष्ट मत झालंय. शहर छोटं आहे, बघण्यासारखं बरंचसं तेजो नदीच्या काठाकाठाने आणि त्याच्या वरच्या टेकड्यांवर आहे, मेट्रो सोपी आहे, लोक इंग्लिश बोलतात आणि नाही बोलले तरी हातवारे करून पत्ता सांगतात. अडचण एकच, चढ. नकाशावर चारशे मीटर दिसतं म्हणून आपण निघतो आणि ते चारशे मीटर म्हणजे सरळ जिना असतो. माझ्याबरोबर आई होती, साठीच्या पुढची, गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे सगळा प्लॅन "काय काय बघायचं" यापेक्षा "वर कशाने जायचं आणि खाली कुठून चालत यायचं" असा केला, आणि लिस्बनला तोच प्लॅन चालतो. वर जायला गाडी, लिफ्ट, सरकता जिना काहीही चालेल, खाली येताना पाय.

आधी कामाचं. एअरपोर्टवरूनच मेट्रोची लाल लाईन सुटते, आलामेदाला उतरून हिरवी घ्यायची की थेट बाइशा-शिआदो किंवा रोसिओला, म्हणजे शहराच्या पोटात. टॅक्सीची गरजच नाही, बॅगा खूप असतील तर ॲपवरची टॅक्सी करा, युरोपच्या मानाने स्वस्त पडते. मेट्रोच्या मशीनवर नाव्हेगान्ते नावाचं कागदी कार्ड मिळतं, अर्ध्या युरोचं, त्यात पैसे भरायचे, त्याला तिथे झॅपिंग म्हणतात, आणि मेट्रो, बस, ट्रॅम सगळीकडे तेच टेकवायचं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं बरं का, एकाच कार्डावर दोघं जाऊ असं चालत नाही. ट्रॅममध्ये चढून ड्रायव्हरकडे तिकीट मागितलं तर जवळजवळ दुप्पट पैसे जातात. दिवसभर चढउतार करायचा असेल तर चोवीस तासांचा पास सात युरोच्या आसपास आहे, तो घ्या आणि डोकं शांत ठेवा.

आता लिस्बोआ कार्ड, जे सगळे ब्लॉगवाले घ्यायला सांगतात. २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं, त्यात सगळा प्रवास, जवळच्या सिंत्रा आणि कशकाइश गावांच्या लोकल ट्रेन आणि बऱ्याच म्युझियमची एन्ट्री असते. गंमत अशी की तास पहिल्यांदा वापरल्यापासून मोजतात, त्यामुळे दुपारी सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं, ही सोय छान आहे. पण साओ जॉर्जचा किल्ला त्यात फुकट नाही, आणि सोमवारी जेरोनिमुश मठासकट बरीच म्युझियम बंद असतात, मग सोमवारी कार्ड काढलं तर पैसे पाण्यात. मठ, एखादं म्युझियम आणि एक ट्रेन असं एकाच चोवीस तासांत बसवता आलं तर घ्या. नुसतं गल्ल्यांतून भटकायचं, कॉफी प्यायची, टेकडीवर बसायचं असेल तर साधं नाव्हेगान्तेच पुरे. आम्ही फक्त बेलेम या मठाच्या भागातल्या दिवसासाठी घेतलं आणि ते बरोबर पडलं.

ट्रॅम २८ बद्दल लोक माझ्याशी भांडतील पण मी तीन स्टारच देणार. पिवळी, लाकडी, १९३०च्या दशकातली गाडी, अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून भिंतीला घासून जाते की काय असं वाटतं, हे सगळं खरं. पण मार्तिम मोनिझ या सुरुवातीच्या थांब्यावर रांग बघितलीत तर सिद्धिविनायकाची मंगळवारची रांग बरी म्हणाल, आणि आत उभ्याने जायचं, खिडकी दिसत नाही, वर खिसेकापूंची भीती, तिथल्या पाट्याच तसं सांगतात. जायचंच असेल तर सकाळी लवकर, आणि उलट्या टोकाने, काम्पो द ओरिककडून बसा, तिथे जागा मिळते. नाहीतर १२ नंबरची ट्रॅम छोटी फेरी मारते, तशीच जुनी गाडी, तशाच गल्ल्या, गर्दी कमी. ग्लोरियाची ती फोटोतली फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर केबलने ओढली जाणारी गाडी, मात्र यादीतून काढा, सप्टेंबर २०२५ मध्ये तिला अपघात होऊन १६ माणसं गेली, त्यानंतर बाकीच्या फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवल्या होत्या, त्यामुळे जायच्या आधी काय चालू आहे ते बघून घ्या.

आणि आता खरी टिप, जी गुडघेवाल्या सगळ्यांनी लिहून ठेवावी. बाइशा-शिआदो मेट्रो स्टेशनचं एक दार खालच्या सपाट भागात आहे आणि दुसरं वर शिआदोच्या टेकडीवर, मधे लांबच लांब सरकते जिने. म्हणजे टेकडी चढायचीच नाही, स्टेशनात शिरायचं आणि वर निघायचं. किल्ल्याकडे जायला पण तसंच, रुआ दुश फान्केइरुश या रस्त्यावरच्या एका साध्या बिल्डिंगमध्ये सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, ती वर मादालेना रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चाललं की सुपरमार्केटच्या बिल्डिंगमध्ये दुसरी लिफ्ट, ती पण फुकट. सान्ता जुस्ताच्या १९०२ सालच्या प्रसिद्ध लोखंडी लिफ्टच्या रांगेत, ती चालू असते तेव्हा, लोक तासभर उभे असतात, ती बाहेरून बघा, सुंदर आहे, आणि वर जायचं असेल तर शिआदोकडून कार्मोच्या चौकात या, लिफ्टच्या वरच्या टोकाला जोडणारा पूल तिथेच मागे आहे. आईने या दोन लिफ्टना मठापेक्षा जास्त मार्क दिले.

कार्मो चुकवू नका. १ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे, सकाळी चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप. मग नदीतून त्सुनामी, मग त्या मेणबत्त्या आणि चुलींनी लागलेली आग, जी कित्येक दिवस चालली. कार्मोच्या चर्चचं छत तेव्हा पडलं, ते परत बांधलंच नाही, दगडी कमानी तशाच उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत आणि खाली गवत. आत छोटं म्युझियम आहे, त्यात पेरूमधल्या ममी का ठेवल्यात हे मला अजून कळलेलं नाही. तिथून खाली उतरलात की बाइशाचे सरळ रेषेतले रस्ते, काटकोनात कापलेले, ते भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने नव्याने आखून घेतले. घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरा घातला, म्हणजे भूकंपात भिंत हलेल पण कोसळणार नाही, आणि त्या मॉडेलची चाचणी घ्यायला सैनिकांना आजूबाजूला पाय आपटत चालायला लावलं म्हणतात. कच्छ-किल्लारीचे भूकंप आठवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

त्याच कार्मोच्या चौकात पोलिसी दलाची बराक आहे, साधी बिल्डिंग, लोक समोर आईस्क्रीम खात बसलेले असतात. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालचा हुकूमशाही पंतप्रधान कायतानो तिथे लपला होता आणि तिथेच त्याने शरणागती पत्करली. आपल्याला याचं काय, तर गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते कागदावर मान्यच केलं नव्हतं, हे सरकार गेल्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला तेव्हा केलं, आणि त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कराडचा माणूस आणि हा चौक यांचा असा संबंध कुठल्या गाईडने सांगितला असता?

गाईडवरून आठवलं, मी फोनवर एक ऑडिओ टूर विकत घेतली होती, नाव घेत नाही, पैसे वाया. आवाज गोड, माहिती गुळगुळीत, प्रत्येक वाक्यात "शोधांचं सुवर्णयुग", आणि जीपीएस अल्फामाच्या गल्लीत इतका गोंधळतो की आपण चर्चसमोर उभे आणि तो बाजाराबद्दल बोलतोय. रोसिओच्या बाजूला साओ दोमिंगुश चर्च आहे, १९५९ च्या आगीत आतून जळलेलं, खांब अजून तडकलेले काळपट, बाहेर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या आठवणीचं स्मारक, आणि चौकात आज नॅशनल थिएटर आहे तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. तेच इन्क्विझिशन जे १५६० पासून गोव्यात पण चाललं. ऑडिओ टूरने इथे काय सांगितलं, तर कोपऱ्यावर जिंजिन्या छान मिळते. मिळते हो, चेरीची गोड दारू, छोट्याशा दुकानात उभ्याने प्यायची, दुकान १८४० चं आहे, मला आवडली पण. तरी दोन वाक्यं दुसऱ्या गोष्टीवर बोलायला काय झालं होतं! तर ऑडिओ टूरला एक स्टार, त्यापेक्षा जायच्या आधी दोन संध्याकाळी वाचून जा.

बेलेमला अख्खा दिवस द्या. जायला १५ नंबरची ट्रॅम किंवा काइश दो सोद्रेवरून लोकल ट्रेन, ट्रेनला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि ट्रॅमसारखी चेंगराचेंगरी नाही. जेरोनिमुश मठाचं काम राजा मॅन्युएलने १५०१ च्या सुमारास सुरू केलं, पूर्ण व्हायला शंभरेक वर्षं लागली, आणि पैसा आला आफ्रिका-पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून, म्हणजे मुख्यतः मिरी-मसाल्यातून. हे डोक्यात ठेवून त्या दगडावरची नक्षी बघा, दोरखंड, गाठी, समुद्रातली पानं, खांबाखांबाला वेगळी, आणि मग कळतं आपल्या किनाऱ्यावरची मिरी इथे कशी दगड झाली. मठाच्या आतल्या चौकासाठी तिकीट, पण शेजारचं चर्च फुकट, रांग वेगळी. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर आहे, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. गामा मेला कोचीला, १५२४ मध्ये, नंतर त्याला इथे आणला. लोक हात जोडून फोटो काढतात, आई म्हणाली "आपण नको बाई," आणि पुढे निघाली.

समोर नदीकडे शोधयात्रांचं ते अवाढव्य स्मारक, जहाजाच्या आकाराचं, आत्ताचं १९६० चं आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं. त्यावर उभ्या पुतळ्यांत गामा आहे, अल्बुकर्क आहे, आणि फ्रान्सिस झेवियर पण आहे, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझुसमध्ये आहे. वर जायला लिफ्ट आहे, दृश्य बरं आहे, पैसे देण्याइतकं नाही. त्यापेक्षा मागे राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोरच्या बागेत जा, तिथे उंच खांबावर अफोन्सो द अल्बुकर्क उभा आहे, १५१० मध्ये गोवा घेणारा तो. आम्ही गेलो तेव्हा खाली दोन पोरं सायकल शिकत होती आणि बाकी चौकात कुत्रं नव्हतं, सगळी दुनिया कस्टर्ड टार्टच्या रांगेत.

बेलेमचा मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, उघडा असला तरी आतून अरुंद जिना आणि गर्दी एवढंच आहे असं सगळे सांगतात. पण बाहेरून एक गोष्ट शोधा, एका छोट्या बुरुजाच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलंय, झिजून गेलंय, सहज दिसत नाही. तो गेंडा आपला! गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात घातला आणि मे महिन्यात तो इथे जिवंत पोचला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. मग राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि बिचारा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला. जर्मनीत बसलेल्या ड्यूरर या चित्रकाराने न बघताच वर्णन आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं आणि तेच चित्र युरोपात गेंडा म्हणून पुढे कितीतरी वर्षं चाललं. मला विचाराल तर लिस्बनमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच, आणि तिला तिकीट नाही.

टार्टची रांग घाबरवते पण ती घरी नेणाऱ्यांची असते. पाश्तेइश द बेलेम, १८३७ पासूनचं दुकान, आत शिरलात की निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, शेकडो माणसं बसतात, टेबल पटकन मिळतं. गरम, वरून डाग पडलेलं, पापुद्रा दाताखाली कुरकुरतो, दालचिनी टेबलावर असते ती भुरभुरवायची. पिवळं बलक आहे भरपूर, अंडं न खाणाऱ्यांनी नाद सोडावा. शहरातल्या इतर दुकानांतही चांगले मिळतात, काही लोक तिथलेच जास्त आवडतात म्हणतात, मी दोन्हीकडचे खाल्ले आणि भांडायचं कारण दिसलं नाही. पाच स्टार.

बाकी जेवणाचं, मासे खाणाऱ्याला स्वर्ग, ग्रिल केलेले सार्डिन, ऑक्टोपस, आणि सुकवलेला कॉड बाकालाऊ, ज्याचे शंभर प्रकार. कोकणातल्या माणसाला सुक्या माशाचं नवल नाही, पण हा भिजवून खारटपणा काढून करतात, वास येत नाही. शाकाहारी लोकांनी सूपवर पण विश्वास ठेवू नये, हिरव्या पालेभाजीच्या काल्दो व्हेर्देमध्ये वर सॉसेजची चकती तरंगत असते, आधी विचारा. प्रत्येक बेकरीच्या काचेत शामुसा दिसेल, हो समोसाच, पण आत बहुतेक वेळा मांस. मार्तिम मोनिझच्या आजूबाजूला भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं भरपूर आहेत, डाळ-भात हवाच असेल तर तिकडे. गोवन हॉटेलंही आहेत शहरात, शाकुती, सोरपोतेल, बेबिंका सगळं मिळतं, शेवटी ज्या शहराचा महापौर आणि देशाचा पंतप्रधान झालेल्या अंतोनियो कोस्टाचं मूळ मडगावचं, तिथे नाही मिळणार तर कुठे. शाकुती जरा सौम्य होती, आईने बॅगेतली चटणी काढली, वेटरने बघून न बघितल्यासारखं केलं. आणि टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, ते वाईट मानत नाहीत.

अल्फामा वरून खाली चाला. पोर्ताश दो सोल, मग शेजारी सान्ता लुझियाची गच्ची, तिच्या भिंतीवर टाइल्समध्ये भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाडा काढलाय, तो बघा, मग जिन्याजिन्याने खाली. वाळत घातलेले कपडे, गल्लीत खुर्ची टाकून बसलेल्या आज्या, आणि दर दुसऱ्या दाराला कुलूपपेटी म्हणजे ते घर पर्यटकांना भाड्याने दिलंय, हे बघून थोडं वाईट वाटतं कारण आपणही त्यातलेच. फादो, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकायला जेवणासकटची महागडी शोची तिकिटं घेऊ नका, छोट्या जागा शोधा, गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, वेटर पण थांबतात. चपला मात्र नीट हव्यात, फूटपाथ सगळे गुळगुळीत पांढऱ्या दगडाचे, पाऊस पडला की अक्षरशः साबण. मंगळवार किंवा शनिवार असेल तर वर फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो, आपल्या चोरबाजाराचा भाऊ, टाइल विकत घेताना मात्र विचार करा, बऱ्याच जुन्या भिंतींवरून काढून आणलेल्या असतात.

शेवटच्या दुपारी कशकाइशची ट्रेन घेतली, नदी मग समुद्र असा काठाकाठाने रस्ता, स्वस्तात मस्त. मधे काशियश नावाचं स्टेशन येतं, कोणी उतरत नाही. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून गेला, मुक्तिलढ्यात सशस्त्र उतरला, १९५५ मध्ये पकडला गेला, आणि गोवा मुक्त झाल्यावरही सुटला नाही, इथे होता, १९६९ च्या जानेवारीपर्यंत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी किती धावपळ केली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आईला हे सगळं पाठ होतं, ट्रेनमध्ये ती मला सांगत होती आणि समोरची बाई हेडफोन काढून ऐकत होती, तिला काय कळलं कुणास ठाऊक. कशकाइश स्वतः गोड आहे, श्रीमंतांचं गाव, अर्धा दिवस पुरे. सिंत्रा मात्र लाँग वीकेंडमध्ये कोंबू नका, राजवाडे दूर दूर, बसची रांग, वेळेची तिकिटं, त्याला वेगळा दिवसच हवा.

राहायला बाइशा किंवा शिआदोच्या जवळ बघा, ग्रासा-अल्फामाचे फोटो सुंदर असतात पण रात्री बॅग घेऊन ते जिने चढायचे असतात हे फोटोत दिसत नाही. बुकिंग करताना लिफ्ट आहे का ते आधी मेसेज करून विचारा, जुन्या बिल्डिंगमध्ये चौथा मजला म्हणजे खरंच चौथा. आणि शहराचा टुरिस्ट टॅक्स माणशी रात्रीला ४ युरो आहे, तो बऱ्याचदा बुकिंगच्या किमतीत नसतो, चेकइनला वेगळा मागतात, तेव्हा वाद घालू नका.